हाजिमे मोरियासु : दोहात हरलेला खेळाडू, दोहात जिंकलेला प्रशिक्षक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ च्या विश्वचषकात जपानने आधी जर्मनीला आणि मग स्पेनला हरवलं. त्या आठवड्यात मला एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारला : मैदानाच्या कडेला सूट घालून उभा राहणारा आणि मधूनच वहीत काहीतरी टिपून घेणारा तो माणूस कोण? तेव्हापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मला ज्या भागाबद्दल जास्त सांगावंसं वाटतं, तिथे उत्तर लांबलं आहे.

मोरियासु नेमके कोण?

जपानच्या पुरुष फुटबॉल संघाचे माजी मध्यरक्षक आणि जुलै २०१८ पासूनचे प्रशिक्षक. जन्म २३ ऑगस्ट १९६८, शिझुओका प्रांतातल्या काकेगावाचा, पण लहानाचे मोठे झाले ते नागासाकीत. शाळा तिथलीच, फुटबॉलही तिथलाच. पुढची बहुतेक कारकीर्द हिरोशिमात गेली. अणुबॉम्ब पडलेल्या दोन्ही शहरांनी घडवलेला हा माणूस आहे. शांतता आहे म्हणून आपण खेळू शकतो, असं ते पुन्हा पुन्हा बोलून दाखवतात आणि त्यांच्या तोंडी ते शोभतं.

त्यांच्या नावाचा गोंधळ होता म्हणे?

हो. जपानी लिपीत आडनाव आणि नाव यांच्यामध्ये जागा सोडत नाहीत. त्यांचं पूर्ण नाव तीन अक्षरांचं : पहिली दोन 'मोरियासु' आणि शेवटचं, एका आडव्या रेघेचं, 'हाजिमे'. १९९२ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघात निवड झाली तेव्हा ते इतके अनोळखी होते की लोकांनी पहिलं अक्षर आडनाव समजून 'मोरी यासुकाझु' असं वाचलं. 'पोइची' हे त्यांचं टोपणनावही अशाच चुकीच्या वाचनातून आलं. आज जपानमध्ये त्यांचं नाव कुणी चुकत नाही, पण जुने चाहते अजूनही प्रेमाने पोइची म्हणतात.

खेळाडू म्हणून ते मोठे होते का?

टाळ्या मिळवणारे नव्हते. शाळा संपल्यावर १९८७ मध्ये ते हिरोशिमातल्या माझदा या मोटार कंपनीच्या संघात आले. तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक लीग नव्हती, खेळाडू कंपनीत नोकरी करून खेळायचे. मोरियासु यांना तर मूळ कंपनीतही जागा मिळाली नाही, माझदाच्या वाहतूक कंपनीत चिकटवून घेतलं गेलं. म्हणजे अगदी शेवटच्या बाकावरून सुरुवात.

माझदात त्यांना हान्स ऑफ्ट या डच प्रशिक्षकाने पाहिलं होतं. तेच ऑफ्ट १९९२ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी या अनोळखी पोराला बोलावून घेतलं. पहिला सामना थेट अर्जेंटिनाशी. जपान ०-१ ने हरला, पण मोरियासु संघात रुजले.

त्यांची जागा बचावफळीच्या पुढ्यात. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हिसकावायचा, जवळच्या सहकाऱ्याला द्यायचा, पुन्हा मोकळी जागा भरायला धावायचं. या जागेला पोर्तुगीजमध्ये 'व्होलांते' म्हणतात, म्हणजे गाडीचं स्टीअरिंग. जपानी बोलण्यात हा शब्द 'बोरांची' होऊन रुळला तो बऱ्याच अंशी मोरियासु यांच्या खेळामुळे. एखाद्या खेळाडूमुळे त्याच्या जागेचं नाव घरोघरी पोहोचावं, ही मला त्यांच्या ३५ आंतरराष्ट्रीय सामन्यांपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

हिरोशिमाचा संघ १९९३ मध्ये जे-लीग या जपानच्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये 'सानफ्रेचे हिरोशिमा' म्हणून उतरला. 'सान' म्हणजे जपानीत तीन आणि 'फ्रेचे' म्हणजे इटालियनमध्ये बाण. तिथले जुने सरदार मोरी मोतोनारी यांनी आपल्या मुलांना एक बाण मोडतो, तीन एकत्र मोडत नाहीत हे दाखवलं, त्या गोष्टीवरून हे नाव. आपल्याकडे काठ्यांच्या मोळीची गोष्ट सांगतात, तशीच. १९९४ चा पहिला टप्पा या संघाने जिंकला. मोरियासु पुढे एक हंगाम क्योतोत आणि शेवटी सेंदाईत खेळले आणि २००४ च्या सुरुवातीला थांबले. विश्वचषकात मात्र ते खेळाडू म्हणून कधीच उतरले नाहीत. त्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

'दोहाची शोकांतिका' म्हणजे काय?

जपानी फुटबॉल समजून घ्यायचा असेल तर ही एक रात्र समजून घ्यावी लागते. २८ ऑक्टोबर १९९३. १९९४ च्या विश्वचषकासाठी आशियाची शेवटची पात्रता फेरी कतारमध्ये दोहात चालू होती. सहा संघ, त्यातले दोन अमेरिकेला जाणार. जपान तोवर एकदाही विश्वचषकात खेळला नव्हता, आणि शेवटच्या सामन्याआधी गुणतक्त्यात पहिला होता. इराकला हरवलं की काम फत्ते.

काझुयोशी मिउराने पाचव्या मिनिटालाच गोल केला. उत्तरार्धात इराकने बरोबरी केली, मग मासाशी नाकायामाने जपानला पुन्हा पुढे नेलं. २-१. नव्वद मिनिटं पूर्ण होत आली. इराकला कॉर्नर मिळाला. चेंडू थेट गोलसमोर येईल या तयारीत जपानी खेळाडू उभे होते, पण इराकने तो आखूड खेळला, बाजूने क्रॉस आला आणि जाफर ओम्रानने डोक्याने मारलेला चेंडू जाळ्यात गेला. २-२. तिकडे दक्षिण कोरियाने उत्तर कोरियाला ३-० ने हरवलं होतं. जपान आणि दक्षिण कोरियाचे गुण सारखे झाले, गोलफरकाने कोरिया पुढे गेला.

जपानी खेळाडू होते तिथेच मैदानात बसले. २५ वर्षांचे मोरियासु त्यांच्यातले एक होते, सामनाभर मैदानावर असलेले. जपान १९९८ मध्ये पहिल्यांदा विश्वचषकाला गेला, तोवर त्यांची राष्ट्रीय संघातली कारकीर्द संपली होती.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी आधी काय केलं होतं?

इथे आकडे स्वतःच बोलतात : २०१२, २०१३ आणि २०१५, चार वर्षांत तीनदा सानफ्रेचे हिरोशिमाला जे-लीगचं विजेतेपद. त्याआधी त्या क्लबकडे एकही लीग विजेतेपद नव्हतं.

खेळणं थांबवल्यावर ते हिरोशिमाच्याच प्रशिक्षणात आले. वीस वर्षांखालच्या जपानी संघाबरोबर आणि मग अल्बिरेक्स निगातामध्ये सहायक म्हणून राबले. २०१२ मध्ये हिरोशिमाने त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं तेव्हा परिस्थिती फारशी चांगली नव्हती. आधीचे प्रशिक्षक मिहाइलो पेट्रोविच श्रीमंत उरावा क्लबकडे निघून गेले होते. त्यांच्या मागोमाग खेळाडूही जात राहिले. तोमोआकी माकिनो २०१२ मध्ये उरावाच्या जर्सीत दिसला, र्‍योता मोरिवाकी २०१३ मध्ये, गोलरक्षक शुसाकु निशिकावा २०१४ मध्ये. दरवर्षी एक वीट निघायची आणि तरी भिंत उभी राहायची.

नवा माणूस आला की आधीचं मोडायचं, ही खोड मोरियासु यांना नव्हती. पेट्रोविच यांची तीन बचावपटूंची रचना त्यांनी ठेवली, फक्त बचाव घट्ट केला. २०१२ मध्ये हिसातो सातोने २२ गोल केले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१३ ची कहाणी आणखी थरारक आहे : शेवटच्या दिवशी हिरोशिमाने काशिमाला हरवलं, आघाडीवरचा योकोहामा एफ. मारिनोस कावासाकीकडून हरला आणि एका गुणाच्या फरकाने विजेतेपद हिरोशिमाकडे आलं. २०१५ मध्ये निर्णायक दोन सामन्यांत गांबा ओसाकाला मागे टाकलं. त्याच वर्षी क्लब विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत रिव्हर प्लेटकडून फक्त एका गोलने हरून तिसरा क्रमांक मिळवला.

मग हिरोशिमा का सोडलं?

२०१७ मध्ये संघ घसरला, खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याच्या उंबरठ्यावर आला. जुलैमध्ये त्यांनी पद सोडलं. तीन विजेतेपदं देणाऱ्यालाही फुटबॉल असंच निरोप देतो.

राष्ट्रीय संघ कसा मिळाला?

ऑक्टोबर २०१७ मध्ये टोकियो ऑलिंपिकसाठीचा युवा संघ त्यांच्याकडे आला. २०१८ च्या रशियातल्या विश्वचषकात ते अकिरा निशिनो यांचे सहायक होते. जपान २-० ने पुढे असूनही बेल्जियमकडून २-३ ने हरला, तो सामना त्यांनी बाकावरून पाहिला. त्यानंतर जुलै २०१८ मध्ये मुख्य संघही त्यांच्याकडे दिला गेला, ऑलिंपिक संघासकट. २०२१ मध्ये झालेल्या त्या ऑलिंपिकमध्ये जपान उपांत्य फेरीत स्पेनकडून जादा वेळेत हरला, कांस्यपदकाच्या सामन्यात मेक्सिकोकडून १-३ ने, आणि चौथा आला. पदक हुकलं, पण त्या पोरांमधले बरेच जण पुढच्या वर्षी कतारमध्ये खेळले. दोन्ही संघ एकाच माणसाकडे देण्याचा फायदा तिथे दिसला.

त्यांना काढून टाका अशी मागणी झाली होती, हे खरं?

अगदी खरं, आणि ती काही मूठभरांची नव्हती. २०२२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जपान पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर ओमानकडून ०-१ ने हरला. चीनला कसंबसं हरवलं. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये जेद्दामध्ये सौदी अरेबियाकडून पुन्हा ०-१. तीन सामन्यांत दोन पराभव. मोरियासु यांना हटवा, हे शब्द समाजमाध्यमांवर ट्रेंड होत होते.

पाच दिवसांनी सायतामामध्ये ऑस्ट्रेलियाशी गाठ होती. मोरियासु यांनी मध्यफळीच बदलली : तीन मध्यरक्षक, त्यात पात्रता फेरीत तोवर न खेळलेला आओ तानाका. राष्ट्रगीत चालू असताना प्रशिक्षकांचे डोळे भरून आलेले कॅमेऱ्याने दाखवले. आठव्या मिनिटाला तानाकानेच गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली, पण शेवटी त्यांच्याच बचावपटूच्या अंगाला लागून चेंडू जाळ्यात गेला आणि जपान २-१ ने जिंकला. सामन्यानंतर मोरियासु हातात कर्णा घेऊन प्रेक्षकांसमोर गेले आणि आपण मिळून विश्वचषकाला जाऊ, असं त्यांना सांगितलं. मार्च २०२२ मध्ये सिडनीत काओरू मितोमाच्या शेवटच्या मिनिटांतल्या दोन गोलांनी ते खरं झालं.

माझं मत स्पष्ट आहे : जपानी फुटबॉल संघटनेने जेद्दानंतर त्यांना काढलं नाही, हा गेल्या काही वर्षांतला त्यांचा सर्वात मोलाचा निर्णय. पुढे जे काही झालं ते त्या सबुरीवर उभं आहे.

कतारमध्ये त्यांनी असं काय केलं?

२३ नोव्हेंबर २०२२, खलिफा स्टेडियम, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. पूर्वार्धात जर्मनीने जपानला अक्षरशः पळवलं, गुंदोआनच्या पेनल्टीने १-० अशी आघाडीही घेतली. त्या वेळी ती ३-० असती तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

मध्यंतरात मोरियासु यांनी ताकेफुसा कुबोला बसवलं आणि ताकेहिरो तोमियासुला आणलं. बचावात चारऐवजी तीन जण. जर्मन आक्रमकांना एकास एक माणूस मिळाला आणि खेळ स्थिरावला. मग एकामागून एक आक्रमक खेळाडू आले : मितोमा, असानो, दोआन, मिनामिनो. शेवटच्या वीस मिनिटांत जपानच्या संघात बचावापेक्षा हल्ला करणारेच जास्त होते. ७५ व्या मिनिटाला रित्सु दोआन, ८३ व्या मिनिटाला ताकुमा असानो. को इताकुराची लांबून आलेली फ्री किक असानोने पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेतली आणि अगदी अरुंद कोनातून जर्मन गोलरक्षक नॉयरच्या खांद्यावरून चेंडू छताच्या जाळीत मारला. तो स्पर्श मी शंभरदा तरी पाहिला असेन.

दोन्ही गोल राखीव खेळाडूंचे. हे नशीब नव्हतं, कारण आठवडाभरात तेच पुन्हा घडलं. मध्ये कोस्टा रिकाशी संघात पाच बदल केले, जपान ०-१ ने हरला आणि टीकेचे बाण परत निघाले. पण १ डिसेंबरला स्पेनविरुद्ध, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, मोराताच्या गोलमुळे जपान पुन्हा मागे होता. मध्यंतरात दोआन आणि मितोमा आले. ४८ व्या मिनिटाला दोआनचा गोल. ५१ व्या मिनिटाला मितोमाने गोलरेषेवरून जवळजवळ बाहेर गेलेला चेंडू मागे ओढला आणि तानाकाने तो आत ढकलला. मिलिमीटरभर चेंडू रेषेवर होता की नाही, यावर जगभर चर्चा झाली. चेंडूचा ताबा जपानकडे १८ टक्क्यांपेक्षाही कमी होता आणि तरी गटात जपान पहिला आला.

हे सगळं दोहा आणि परिसरात घडलं. जर्मनीच्या सामन्यात साधारण शेवटचं मिनिट उरलं असताना आपल्याला १९९३ ची ती रात्र आठवली, असं मोरियासु यांनी नंतर सांगितलं. पण त्यांचे खेळाडू मागे सरकून बसले नाहीत, पुढे जाऊन चेंडू हिसकावत राहिले. ते पाहून काळ बदलल्याचं त्यांना जाणवलं. जपानी वृत्तपत्रांनी जुन्या शोकांतिकेच्या जोडीला 'दोहाचा आनंद' असा नवा शब्दप्रयोग केला.

क्रोएशियाविरुद्ध पेनल्टीत चूक झाली का?

५ डिसेंबरला दाइझेन माएदाच्या गोलने आघाडी, पेरिसिचने बरोबरी, आणि मग पेनल्टी. मोरियासु यांनी कोण मारणार हे ठरवलं नाही, ज्याला मारायची आहे त्याने हात वर करावा असं सांगितलं. मिनामिनो पहिला गेला. त्याची, मितोमाची आणि कर्णधार माया योशिदाची पेनल्टी लिवाकोविचने अडवली. जपान १-३ ने बाहेर.

माझ्या मते ही चूक होती. वर्षभरापूर्वी ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडविरुद्ध हीच पद्धत यशस्वी ठरली होती, त्यामुळे तिच्यावरचा विश्वास समजतो. पण विश्वचषकाच्या बाद फेरीत ते ओझं खेळाडूंच्या खांद्यावरून प्रशिक्षकाने आपल्या खांद्यावर घ्यायला हवं होतं.

त्या वहीत ते काय लिहितात?

सामन्यात दिसलेलं : कुठे जागा मोकळी पडते आहे, कोण दमला आहे, मध्यंतरात काय सांगायचं. सामना चालू असताना मान खाली घालून लिहिणारा प्रशिक्षक पाहायची लोकांना सवय नव्हती, त्यामुळे पराभवाच्या काळात ती वही थट्टेचा विषय झाली. जर्मनीला हरवल्यावर त्याच वहीत काय असेल याचं सगळ्यांना कुतूहल वाटू लागलं.

लोकांना ते इतके का आवडतात?

क्रोएशियाशी हरल्यावर ते एकटे चालत प्रेक्षकांसमोर गेले आणि कमरेतून वाकून बराच वेळ तसेच उभे राहिले. ते छायाचित्र जगभर फिरलं. जपानी माणसाला वाकणं नवीन नाही. पण जिंकल्यावर श्रेय खेळाडूंना देणारा हाच माणूस हरल्यावर पहिला पुढे येतो, हे तिथल्या लोकांनी चार वर्षं पाहिलं होतं. म्हणून ते वाकणं मनाला भिडलं.

शिवाय ते बड्या बड्या गप्पा मारत नाहीत, पत्रकार परिषदेत कुणावर घसरत नाहीत. शेवटच्या बाकावरून आलेला, नावसुद्धा चुकवलं गेलेला, हाकलून द्या म्हणून ओरडलेलं ऐकलेला माणूस त्याच शांतपणे उभा आहे, हे लोकांना आपलं वाटतं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचा करार वाढवला गेला. विश्वचषकानंतरही पदावर राहिलेले जपानचे ते पहिलेच प्रशिक्षक.

त्यांच्यावर सर्वात रास्त टीका कोणती?

आशिया चषक. २०१९ मध्ये अंतिम सामन्यात कतारकडून १-३. २०२४ मध्ये, पुन्हा कतारमध्येच, गटात इराककडून १-२ आणि उपांत्यपूर्व फेरीत इराणकडून शेवटच्या क्षणी पेनल्टीवर १-२. जर्मनीला हरवणारा संघ आशियात उंच चेंडू आणि धसमुसळ्या खेळापुढे गडबडतो. इराणविरुद्ध बचाव डळमळत असल्याचं दिसत असूनही त्यांनी बदल करायला वेळ लावला. कतारमध्ये वेळेवर बदल करण्यासाठी ज्यांचं कौतुक झालं, त्यांच्याकडून हे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं.

२०२२ नंतर संघ पुढे गेला का?

गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये वोल्फ्सबुर्गला जाऊन जर्मनीला ४-१ ने हरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी जर्मनीने आपले प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांना पदावरून दूर केलं. २० मार्च २०२५ ला सायतामामध्ये बहरीनला २-० ने हरवून जपान २०२६ च्या विश्वचषकात पोहोचला, यजमान वगळता जगातला पहिला संघ म्हणून. १४ ऑक्टोबर २०२५ ला टोकियोत ब्राझीलविरुद्ध ०-२ ने मागे पडूनही ३-२ असा विजय मिळवला. ब्राझीलवर जपानचा हा पहिलाच विजय. पुढच्याच महिन्यात बोलिव्हियाविरुद्ध मोरियासु यांनी प्रशिक्षक म्हणून शंभरावा सामना पूर्ण केला. जपानच्या कुठल्याही प्रशिक्षकाने तोवर तो आकडा गाठला नव्हता.

यामागे आणखी एक गोष्ट आहे. सराव घेण्याचं काम त्यांनी सहायकांवर सोपवलं आहे. हिरोशी नानामी, र्‍योइची माएदा, २०२४ पासून माकोतो हासेबे हे सगळे एकेकाळचे मोठे खेळाडू. मोरियासु बाजूला उभे राहून पाहतात, ऐकतात आणि मग निर्णय घेतात. युरोपातल्या क्लबांमध्ये रोज उत्तम प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळणाऱ्या मुलांशी त्यांना हेच जमतं : तुम्हाला मैदानात काय दिसलं, असं आधी त्यांनाच विचारायचं.

खेळाडूचा प्रशिक्षक झालेला असा कुणी जपानी आपल्याकडे आहे का?

जपानमध्ये जन्मलेला, वडील भारतीय असलेला अराता इझुमी. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि मग पुणे एफसीकडून तो खेळला. भारताचं नागरिकत्व घेऊन २०१३ मध्ये भारतीय संघाकडूनही उतरला. खेळणं थांबवल्यावर तो इथेच मुलांना शिकवायला लागला. बालेवाडीत त्याला खेळताना पाहिलेले पुणेकर त्याची आठवण अजून काढतात.

त्यांचा एकच सामना पाहायचा असेल तर कोणता पाहू?

२०२२ चा जर्मनीविरुद्धचा. पण त्याआधी १९९३ च्या इराक सामन्याची शेवटची पाच मिनिटं पाहा. कॉर्नर आखूड खेळला जातो, जपानी खेळाडूंना वळायला क्षणभर उशीर होतो. मग जर्मनीचा सामना ८३ व्या मिनिटापासून लावा आणि चेंडू सोडून निळ्या जर्सींकडे लक्ष ठेवा : चेंडू सुटला की ते कुठल्या दिशेला पळतात ते बघा.